सुडोमोनास दिलं, ट्रायकोडर्मा दिलं, तरी रोपं आजारी का पडतात?

"बीजप्रक्रिया केली, दोनदा आळवणी केली, तरी करपा आलाच. म्हणजे हे जिवाणू-बिवाणू सगळं थोतांड ना?" ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा प्रश्न तयार असतो: आळवणीचं, म्हणजे मुळाशी ओतलेल्या द्रावणाचं, पाणी कुठलं होतं? सुडोमोनास हा उपयोगी जिवाणू आणि ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी, दोन्ही जिवंत. थोतांड क्वचितच निघतं. जिवंत वस्तू मेलेल्या औषधासारखी वापरली गेली, असंच बहुतेक वेळा सापडतं. तपासायचा क्रम माझ्या अनुभवातून बसलेला आहे. फुकटच्या गोष्टी आधी, खर्चिक आणि किचकट शेवटी.

लक्षणं

तुमची अडचण याच जातीची आहे का, ते आधी पाहा.

- जिवाणू दिलेल्या आणि न दिलेल्या रोपांत रोग सारखाच.
- एका खेपेला छान गुण आला. पुढच्या खेपेला तेच उत्पादन, तेच प्रमाण, आणि काहीच नाही. सगळ्यात जास्त हेच आढळतं.
- मूळ पांढरं, भरदार. पानांवर मात्र ठिपके किंवा भुरी.
- आळवणीनंतर चार-पाच दिवसांत रोपं जमिनीलगत मऊ पडून कोलमडली, म्हणजे न देता बरं होतं अशी गत.
- रोग नाही, पण वाढही नाही. रोप हिरवं, बुटकं, जागच्या जागी.

एका दिवसात अख्खा वाफा सुकला, नवी पानं पिळवटून आली किंवा कडा भाजल्यासारख्या झाल्या, तर हे पुढचं सगळं तुमच्यासाठी नाही. तणनाशकाचा उडालेला फवारा, खताचा जादा डोस किंवा खोडात शिरलेला रोग यांचा संशय घ्या आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

मुळाशी नेमकं घडतं काय

एवढा भाग वाचाच, नाहीतर पुढच्या तपासण्या नुसती जंत्री वाटतील.

झाडाला रक्त नाही, अंगभर फिरून पहारा देणाऱ्या पेशी नाहीत. प्रत्येक पेशीला आपली राखण आपणच करावी लागते. त्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावर परक्याला ओळखणारी प्रथिनं बसलेली असतात. त्यांतलं एक, एफएलएस२, जिवाणूच्या शेपटीतल्या प्रथिनाचा २२ अमिनो आम्लांचा तुकडा ओळखतं. सीईआरके१ नावाचं दुसरं बुरशीच्या भिंतीतलं कायटिन ओळखायच्या कामात असतं. तुकडा सापडला की काही मिनिटांत पेशीत कॅल्शियम शिरतं, ऑक्सिजनची दाहक रूपं सुटतात, पेशीभिंतीला आतून जाड थर चढू लागतो.

आता अडचण बघा. शेपूट उपयोगी जिवाणूलाही असते आणि कायटिन ट्रायकोडर्मातही असतं. पहिल्या भेटीत झाडाच्या लेखी दोघेही परकेच. भाताच्या रोपात तर सीईआरके१ हे एकच प्रथिन रोगकारक बुरशीविरुद्ध सावध होण्यासाठी लागतं आणि मायकोरायझा या मुळाशी जोडी करणाऱ्या उपयोगी बुरशीशी सोयरीक जुळवण्यासाठीही लागतं. म्हणून ज्याला मुळावर मुक्काम करायचा आहे, तो आधी झाडाला जरा शांत करतो. सुडोमोनासचा डब्ल्यूसीएस३५८ हा वाण ग्लुकोनिक आम्ल सोडून मुळाभोवतीचा सामू खाली आणतो आणि त्या आंबटपणात मुळाची पहिली प्रतिक्रिया दबते, हे २०१९ साली दाखवलं गेलं. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करणाऱ्या ऱ्हायझोबियम जिवाणूची युक्ती वेगळी. त्याच्या शेपटीतला तो तुकडाच असा बदललेला आहे की एफएलएस२ला तो ओळखूच येत नाही.

मुळावर असा जम बसला की खरी कामाची गोष्ट घडते. १९९१ साली कार्नेशनच्या मुळांना सुडोमोनासचा डब्ल्यूसीएस४१७ हा वाण दिला आणि मर रोगाची बुरशी थेट खोडात टोचली. जिवाणू खाली, बुरशी वर, दोघांची गाठच पडली नाही. तरी रोग कमी आला. त्याच वर्षी काकडीतही असंच दिसलं. बियाला जिवाणू लावले आणि पानावरचा रोग घटला. म्हणजे मुळाकडून पानाकडे काहीतरी निरोप गेला. याला प्रेरित प्रतिकार म्हणतात. पुढे अरबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपावर कळलं की डब्ल्यूसीएस४१७चा हा निरोप जास्मॉनिक आम्ल आणि इथिलीन यांच्या वाटेने जातो, सॅलिसिलिक आम्लाची साठवण त्याला लागत नाही.

आणि निरोप पोचला तरी झाड लगेच काही करत नाही. राखणदाराच्या कानात कोणी "आज लक्ष ठेव" एवढंच सांगून जावं, तसा तो प्रकार. खरा हल्ला झाला की मग झाड एरवीपेक्षा लवकर आणि जोरात उठतं. तोवर बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही.

ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशीला विळखा घालून खातो, काही सुडोमोनास प्रतिजैविकं बनवतात, हेही खरं. पण ती झुंज जिथे दोघे समोरासमोर येतात तिथलीच, म्हणजे बहुधा मुळाशी. पानावरचा रोग मुळाच्या आळवणीने कमी व्हावा असं वाटत असेल, तर तुम्ही झाडाच्या सावधपणावर भिस्त ठेवता आहात. त्याला तीन गोष्टी लागतात: पुरेसे जिवंत पाहुणे, पुरेसा वेळ, आणि ऐकायच्या अवस्थेतलं झाड.

१. गुण आला नाही, हे कशावरून?

खर्च शून्य, आणि तरीही ही तपासणी कोणी करत नाही. उपचार सगळ्याच रोपांना दिलेला असतो, मग फरक कशाशी ताडायचा? प्रत्येक खेपेत निदान दहावा हिस्सा तसाच ठेवा. त्यांना तेवढंच साधं पाणी द्या, जागाही तीच ठेवा. मग रोगट पानं मोजा. प्रेरित प्रतिकार रोग पुसून टाकत नाही. ठिपके कमी येतात, लहान राहतात, उशिरा येतात. डोळ्याला "आलाच की रोग" एवढंच दिसतं. मोजलं की कधी कधी निम्मा फरक निघतो. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटल्या.

काही जण हुशारीने निम्मं द्रावण उकळून, गार करून दुसऱ्या गटाला देतात, म्हणजे मेलेल्या आणि जिवंत जिवाणूंची तुलना होईल. कल्पना चांगली आहे, पण दोन खाचा आहेत. बॅसिलस या दुसऱ्या उपयोगी जिवाणूचे बीजाणू (कठीण काळात तगणारी त्याची सुप्त रूपं) उकळत्या पाण्यातही तगतात. आणि जिवाणू मेला तरी त्याच्या शेपटीचा तुकडा, ट्रायकोडर्मा मेला तरी त्याचं कायटिन शिल्लक असतंच, झाड त्यालाही ओळखतं. त्यामुळे दोन्ही गट सारखे दिसले तर "उत्पादन बोगस" असा निकाल देऊ नका.

२. पाकीट

नाव, वाण, जिवंत पेशींची संख्या, बनवल्याची तारीख आणि वापराची मुदत या पाच गोष्टी वेष्टनावर हव्यात. "उपयुक्त जिवाणूंचं मिश्रण" एवढंच लिहिलेलं असेल तर मी ते हातात धरत नाही.

साठवण त्याहून महत्त्वाची. बॅसिलस बीजाणू करतो, म्हणून कपाटात पडून राहिला तरी चालतो. सुडोमोनास बीजाणू करत नाही. भुकटीतल्या त्याच्या पेशी उष्णतेत भराभर मरतात, उन्हात उभ्या गाडीत एक दुपार काढली तरी बरंच नुकसान होतं. ट्रायकोडर्मा या दोघांच्या मधला. गुण कधी येतो, कधी येत नाही, याचं उत्तर निम्म्या वेळा इथे असतं: पहिल्या खेपेला पाकीट ताजं होतं, दुसऱ्या खेपेला तेच उरलेलं, तोंड दुमडून ठेवलेलं.

ट्रायकोडर्मा जिवंत आहे का, हे घरी ढोबळ कळतं. शिजवून गार केलेलं थोडं धान्य स्वच्छ काचेच्या बरणीत घ्या, चिमूटभर भुकटी भुरभुरा, झाकण सैल ठेवून सावलीत ठेवा. चार-पाच दिवसांत आधी पांढरी, मग हिरवी वाढ आली तर काहीतरी जिवंत आहे. काहीतरी म्हणतो, कारण हिरवी बुरशी दुसरीही असते. काहीच उगवलं नाही, तर मात्र निकाल पक्का. बरणी हुंगू नका, न उघडता टाकून द्या.

३. पाणी आणि टाकी

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच घातलेलं असतं, आपले जिवाणू ते वेगळे काढत नाही. पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात दिवसभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं. पुरवठ्यात क्लोरामाइन वापरत असतील तर ते असं उडत नाही. तिथे साठवलेलं पावसाचं किंवा विहिरीचं पाणी घ्या.

टाकीचा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. लागोपाठ तीन खेपा सुडोमोनास वाया गेलं. पाकीट बदललं, पाणी बदललं, वेळ बदलली. शेवटी पंपाच्या नळीच्या आतल्या बाजूला निळसर पापुद्रा सापडला. तोच पंप ताम्रयुक्त बुरशीनाशकाला वापरलेला होता आणि मी तो नुसता विसळला होता. तेव्हापासून जिवाणूंची झारी वेगळी, तिच्यावर रंगाची खूण.

४. आधी-नंतर काय दिलं?

मागच्या पंधरा दिवसांत रोपांना आणि बियाला जे जे दिलं, त्याची यादी करा. बियाण्याला कारखान्यातूनच लावलेला रंगीत लेपही त्यात आला. लोक तो हमखास विसरतात.

कार्बेन्डॅझिम हे बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एकत्र देणं म्हणजे एका हाताने पेरून दुसऱ्या हाताने उपटणं. ट्रायकोडर्माही शेवटी बुरशीच आहे आणि हे औषध बुरशीच्या पेशीविभाजनावरच घाव घालतं. ताम्रयुक्त औषधं आणि प्रतिजैविकं जिवाणूंना मारतात. हायड्रोजन पेरॉक्साइडची आळवणी सगळ्यांनाच. मेटॅलॅक्सिल हे औषध पिथियम या मूळकूज आणणाऱ्या, बुरशीसारख्या जिवाच्या गटावर चालतं. तो गट खऱ्या बुरशांपेक्षा वेगळा, त्यामुळे ट्रायकोडर्माला त्याचा त्रास त्या मानाने कमी. बीजप्रक्रियेत रासायनिक औषध लागणारच असेल तर आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी जिवाणू संवर्धक, हा जुना क्रम पाळा. आळवणीत मी दोहोंमध्ये निदान आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवतो.

५. वेळ आणि संख्या

ठिपके दिसल्यावर केलेली आळवणी त्या ठिपक्यांसाठी उशिराची असते. जिवाणूंनी मुळावर वस्ती करायची, निरोप वर जायचा, पेशींनी तयारीत यायचं. यासाठी कमीत कमी आठवडा धरून चाला. म्हणून माझ्या मते तीनच वेळा खऱ्या कामाच्या: पेरताना, पुनर्लागणीच्या वेळी मुळं बुडवून, आणि मागच्या अनुभवावरून रोगाचा काळ ठाऊक असेल तर त्याच्या दहा-बारा दिवस आधी.

संख्येचा हिशेब कडक आहे. मुळा या भाजीच्या मर रोगावर सुडोमोनास वापरून केलेल्या कामात, मुळाच्या एका ग्रॅममागे सुमारे एक लाख पेशींचा उंबरठा १९९५ मध्ये आढळला. त्याच्या खाली संरक्षण जवळजवळ नाही. हा चढ हळूहळू मिळत नाही, उंबरठ्यासारखा लागतो, त्यामुळे "निम्मा डोस दिला तर निम्मा गुण" हे गणित इथे चालत नाही. पाकिटावरची संख्या ग्रॅममागे कोटीत असली तरी तुम्ही ती किती पाण्यात विरघळवली, त्यातलं किती निचऱ्याने वाहून गेलं आणि किती मुळाला चिकटलं, हे वेगळंच असतं. पाणी कमी घ्या, द्रावण मुळाजवळ सोडा, माध्यम आधी हलकं ओलं असू द्या.

उलट टोकही वाईट. छोट्या प्रोट्रेच्या कप्प्यात दर तीन दिवसांनी घट्ट द्रावण ओतलं की शेवटचं लक्षण दिसतं: रोग नाही, वाढ नाही. शेपटीच्या त्या २२ अमिनो आम्लांच्या तुकड्याच्या द्रावणात अरबिडॉप्सिसची कोवळी रोपं वाढवली तर ती खुंटतात, इतकी नेमाने की संशोधक ही खुंट मोजून रोप किती सावध आहे ते ठरवतात. सतत पहाऱ्यावर असलेलं रोप वाढीला वेळ कुठून देणार? दहा दिवस काहीही न देता नुसतं पाणी द्या. बहुतेक रोपं उचल खातात.

६. वाफसा, दमट हवा, उष्मा

एक रोप मुळासकट अलगद काढून बघा. मूळ पांढरं, टणक हवं. तपकिरी असेल, चिमटीत धरून ओढल्यावर वरचं साल सुटून आत दोरा उरत असेल, तर ती मूळकूज आहे आणि तिचं पहिलं कारण पाणी. पिथियमचे बीजाणू चक्क पोहतात. चिंब माध्यम त्यांना रस्ता. आळवणीनंतर रोग वाढला, या तक्रारीत दोष बहुधा जिवाणूंचा नसतो, आधीच ओल्या ट्रेमध्ये आणखी अर्धा लिटर पाणी ओतल्याचा असतो. मुळावर वस्ती करणाऱ्या उपयोगी जिवाणूंनाही हवा लागते. वाफसा येऊ द्या, मग द्या.

पानांचं गणित वेगळं आहे आणि मला ते फार विलक्षण वाटतं. निरोगी पानाच्या एका चौरस सेंटीमीटरवर दहा लाख ते एक कोटी जिवाणू सुखाने नांदत असतात. २०२० मध्ये अरबिडॉप्सिसची अशी रोपं अभ्यासली गेली, ज्यांच्यात ओळखणारी तीन प्रथिनं आणि पानातल्या पाण्याच्या समतोलाशी जोडलेलं एक प्रथिन नव्हतं. दमट हवेत त्यांच्या पानांच्या आत रोजचेच निरुपद्रवी जिवाणू बेसुमार वाढले आणि पानं पिवळी पडून ऊती मरू लागल्या. बाहेरून कोणी रोगकारक आला नव्हता. घरातलेच डोईजड झाले. सर्वसाधारण झाडात हे असं सहज होत नाही, पण यावरून कळतं की पान कोरडं राहणं हाही प्रतिकाराचाच भाग आहे. रात्रभर पानं ओली राहत असतील तर मुळाशी कितीही जिवाणू द्या, पानावरची लढाई तुम्ही आधीच अवघड करून ठेवली आहे. रोपांत अंतर ठेवा, पाणी सकाळी द्या, हवा खेळू द्या.

उष्णतेचं थोडक्यात. अरबिडॉप्सिसमध्ये तापमान सुमारे ३० अंश सेल्सिअसवर गेलं की सॅलिसिलिक आम्ल बनणं घटतं, आणि पानावरच्या जिवाणूजन्य रोगांशी झगडताना झाडाची मोठी भिस्त त्याच आम्लावर असते. तुमच्या पिकाचा आकडा थोडा निराळा असेल, पण कडक उन्हाळ्यात गुण कमी दिसणं स्वाभाविक आहे. सावलीची जाळी जिवाणूंच्या दुसऱ्या पाकिटापेक्षा स्वस्त पडते.

७. खत

नत्र जास्त झालं की पान लुसलुशीत होतं, भिंती पातळ राहतात, आणि करपा-भुरीला आयती जागा मिळते. शेंगवर्गीय पिकात मुळावरच्या गाठीही कमी येतात. फुकट नत्र हाताशी असताना झाड जिवाणूला पोसत नाही.

स्फुरदाचं (फॉस्फरसचं) दुखणं दोन्ही टोकांना आहे. भरपूर स्फुरद असेल तर झाड मायकोरायझाला दार उघडत नाही. आणि उपासमार असेल तर भलतंच होतं. २०१७ मध्ये अरबिडॉप्सिसमध्ये दिसलं की स्फुरदाची भूक हाताळणारी यंत्रणाच प्रतिकाराचा काही भाग खाली दाबते. भुकेलं झाड जणू पहारा ढिला करून मदतनिसांना आत घेतं. त्यामुळे "जैविक देतोय म्हणून बाकी खत बंद" हा उत्साह अंगाशी येतो.

लोहाबद्दल एक तिरकी गोष्ट. डब्ल्यूसीएस४१७ मुळावर आला की मुळात एमवायबी७२ नावाचा नियंत्रक जागा होतो; लोहाची टंचाई झाल्यावरही हाच जागा होतो. मग मूळ स्कोपोलेटिन नावाचं द्रव्य बाहेर टाकतं, ते काही रोगकारक बुरशांना सोसत नाही आणि डब्ल्यूसीएस४१७ला सोसतं. झाड अशा रीतीने आपल्या दारातली वस्ती निवडतं. सुडोमोनासचा काही बचाव लोह पळवण्यावरही चालतो, आणि सहज मिळणारं लोह मुबलक असलं की तो ढिला पडतो. म्हणून आळवणीच्या आठवड्यात मी चिलेटेड (झाडाला सहज मिळेल अशा रूपातलं) लोह देत नाही.

८. जोडी जुळते का?

कोबी, मोहरी, मुळा, बीट, पालक यांना मायकोरायझा देऊन उपयोग नाही. या कुळांतली झाडं सहसा त्याच्याशी नातं जोडतच नाहीत. ऱ्हायझोबियमही पिकानुसार वेगळा.

सुडोमोनासमध्ये ही आवडनिवड आणखी बारीक आहे. डब्ल्यूसीएस३७४ मुळ्याच्या रोपाला सावध करतो, अरबिडॉप्सिसला नाही. डब्ल्यूसीएस३५८चं नेमकं उलट. अरबिडॉप्सिसच्या काही जाती डब्ल्यूसीएस४१७कडे ढुंकूनही पाहत नाहीत. म्हणजे एकाच पिकाच्या दोन वाणांत एक ऐकणारा आणि एक बहिरा निघू शकतो. एका वाणात सतत अपयश येत असेल तर पुढच्या खेपेला शेजारी दुसरा वाण लावून पाहा. एका ट्रेचा खर्च. आणि रोग कुठला आहे तेही बघा. अरबिडॉप्सिसमध्ये हा प्रेरित प्रतिकार काही बुरशांना आणि जिवाणूंना आवरतो, पण टर्निप क्रिंकल विषाणूपुढे चालला नाही. पानं चितकबरी, आखडलेली असतील तर आळवणीचा विचार सोडा.

९. माती किंवा माध्यम

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, तर संशय माध्यमावर. वाफेने निर्जंतुक केलेलं माध्यम स्वच्छ वाटतं, पण ते रिकामं गावही असतं. जो पहिला येईल तो घर मांडतो. पिथियम पहिला आला तर त्याला अडवायला कोणी नाही. निर्जंतुकीकरणानंतर लगेच, त्याच दिवशी उपयोगी सूक्ष्मजीव द्या, किंवा नीट कुजलेलं, वास न मारणारं खत थोडं मिसळा.

उलट बाजूला अशा मातीही आहेत ज्यांत रोगकारक असूनही रोग होत नाही. सलग गहू घेतलेल्या काही शेतांत 'टेक-ऑल' हा मूळरोग आधी वाढत जातो आणि काही वर्षांनी आपोआप उतरतो. तिथे प्रतिजैविक बनवणारे सुडोमोनास मुळांवर साठलेले आढळतात. अशी माती दहा टक्के मिसळून रोगट मातीची खोड मोडते का, हे कुंडीत पाहता येतं. चार कुंड्या: नुसती रोगट माती, नुसती चांगली, मिश्रण, आणि चांगली माती वाफवून केलेलं मिश्रण. साधं मिश्रण चाललं आणि वाफवलेलं चाललं नाही, तर काम जिवंत वस्तीचं. महिना-दीड महिना लागतो. उघड्या शेतात ही माती पसरायची घाई करू नका, तिच्याबरोबर सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे सूक्ष्म जंतही येतात.

इथे थांबा, तज्ज्ञाला बोलवा

रोप उभ्या उभ्या, पानं हिरवी असतानाच कोमेजलं तर खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात उभा धरा. काही मिनिटांत दुधासारखे धागे खाली उतरू लागले तर तो जिवाणूजन्य मर रोग असण्याची दाट शक्यता आहे. त्या क्षणी सगळं थांबवा. आळवणीचं पाणी आणि हत्यारं रोग पसरवतात. वनस्पती रोगतज्ज्ञाला दाखवा, तोवर त्या वाफ्यातलं काही हलवू नका.

मुळांवर मूळ फुगून आलेल्या, बोटाने न निघणाऱ्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी तपासून घ्या (ऱ्हायझोबियमच्या गाठी मुळाच्या कडेला लटकतात आणि सहज सुटतात, घाबरू नका). पानांवर विषाणूची चिन्हं असतील, एकाच जागी सलग दोन हंगाम रोपं गेली असतील, किंवा पहिल्या सात तपासण्या करूनही तुलनेच्या रोपांशी काहीच फरक दिसत नसेल, तर प्रयोगशाळेत मुळावरच्या जिवंत पेशी मोजून घेणं हाच मार्ग. ते काम घरी होत नाही. गूळ-पाण्यात घरी जिवाणू वाढवायचा प्रयत्न तर करूच नका. त्यात काय वाढतं ते डोळ्याला दिसत नाही, आणि सुडोमोनासच्याच गोतावळ्यात माणसाला, विशेषतः प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला, आजारी पाडणाऱ्या जाती आहेत. घरात असं कोणी असेल तर विकतची भुकटीसुद्धा तोंडाला मास्क लावून, उघड्यावरच कालवा.

तज्ज्ञाकडे जाताना पूर्ण मेलेलं रोप नेऊ नका. त्यावर मढ्यावरच्या बुरशाच सापडतात आणि मूळ कारण हरवतं. नुकतं आजारी पडलेलं एक आणि शेजारचं निरोगी एक, दोन्ही मुळांसकट, मातीच्या ढेकळासह, कागदात गुंडाळून न्या. प्लास्टिकच्या बंद पिशवीत ती रस्त्यातच सडतात. सोबत चौथ्या तपासणीतली यादी आणि पाकिटाचं वेष्टन असू द्या.